चार इंची स्पीकर, तीन खोकी आणि पंचवटीतले सुतारकाका

एकच चार इंची फुल-रेंज ड्रायव्हर (खालचे-वरचे सगळे सूर एकटाच वाजवणारा स्पीकर), खोकी मात्र तीन. सगळी पंचवटीतल्या एका सुतारकाकांकडून करून घेतली. आधी काकांबद्दल: १८ मिमी प्लायची कापणी सरळ, सांधे हवाबंद, पण "शुक्रवारी या" म्हणजे पुढच्या महिन्यातला शुक्रवार.

पहिलं बंद खोकं, ७ लिटरचं. भीमसेनजींचा आवाज स्वच्छ, अगदी समोर बसल्यासारखा. डग्गा मात्र पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यागत.

दुसरं १२ लिटरचं, बास रिफ्लेक्स, म्हणजे बास वाढवायला हवेची नळी (पोर्ट) असलेलं. पोर्टला दोन इंची पीव्हीसी पाइप. काकांनी तो "बरा दिसेल" म्हणून दोन सेंटीमीटर आखूड कापला! पाइप आखूड झाला की ट्यूनिंग (पोर्ट ज्या सुराला घुमतो तो सूर) वर सरकतं. डग्गा नुसता घुमायला लागला. लांब पाइप बसवल्यावर सुधारला. तो खर्च माझ्याच खिशातून, हे काही पटलं नाही.

तिसरं, पाव तरंगलांबीच्या नळीचं, म्हणजे नळीची लांबी खालच्या एका सुराच्या ध्वनिलहरीच्या पाव. ५० हर्ट्झला सरळ नळी साधारण १.७ मीटर लागते, म्हणून आत घडी घातली. सुरुवातीला गोधडीतला कापूस भरला. वरचे सूर जरा मऊ झाले, बास खोल गेला. कापूस निम्मा काढल्यावर जमलं. वजन इतकं की सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना भाच्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

आता हॉलमध्ये तिसरंच वाजतं. छोट्या खोलीसाठी मी दुसरं घेईन, पाइप स्वतः कापून. काकांना पाच पैकी साडेतीन.