मिरकूरचे जुने व्हायोलिन, फिडलच्या हातासाठी

आमच्या गिरगावातल्या घरी आजी व्हायोलिनला कायम 'फिडल' म्हणत असे. पण त्याच वाद्यावर वाजणारी फिडल नावाची स्वतंत्र शैली आहे, हे मला आयर्लंडमधल्या नाचाच्या चाली शिकू लागल्यावर समजले. या चालींसाठी गेल्या नोव्हेंबरात मी वांद्र्यातल्या एका गोवेकर कुटुंबाकडून, ज्यांच्या आजोबांनी ते आयुष्यभर वाजवले होते, एक जुने फ्रेंच व्हायोलिन ८५,००० रुपयांना घेतले. दहा महिने रोज वाजवल्यानंतर आणि मुंबईचा एक आख्खा पावसाळा त्याच्यासोबत काढल्यानंतर त्याच्याविषयी लिहावे, असे वाटले.

हे वाद्य मिरकूरचे आहे. फ्रान्सच्या ईशान्येला व्होज भागातले हे छोटे गाव व्हायोलिनांसाठीच ओळखले जाते, आणि पॅरिसमध्ये नाव कमावलेला व्हायोलिन-कारागीर झाँ-बातिस्त व्हियोम १७९८ मध्ये इथेच जन्मला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेरोम तिबूव्हिल-लामी यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांत काम वाटून घेतलेले असे: एक कारागीर मान व तिच्या टोकाची गुंडाळीसारखी वळी कोरी, दुसरा पाठ घडवी, तिसरा वार्निश देई. माझ्या व्हायोलिनच्या पोटातल्या चिठ्ठीवर इटलीतल्या क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हॅरियस या विख्यात कारागिराचे नाव छापलेले आहे. ते केवळ नमुन्याचे नाव असते, कर्त्याचे नव्हे, आणि तेवढ्यावरून किंमत वाढवून सांगणाऱ्याकडून खरेदी करू नये.

मी ते आरशाच्या छोट्या तुकड्याने आणि बारीक दिव्याने आतून पाहिले. कोपऱ्यांतले ठोकळे जागेवर होते, खर्जाच्या बाजूची आतली पट्टी वेगळी बसवून सरसाने चिकटवलेली होती आणि कडेची दुहेरी काळी रेघ खरोखरच लाकडात जडवलेली होती. कारखान्यांच्या स्वस्त प्रतींत ही रेघ नुसती रंगवलेली सापडते, म्हणून एवढी एक खूण तपासली तरी बरेच कळते. पाठीची लांबी ३५९ मिलिमीटर भरली. वळीच्या कडेला ओढलेली काळी रेघ, जी मिरकूरच्या कामात अनेकदा दिसते, अंगठ्याने झिजून एका बाजूला जवळजवळ पुसली गेली आहे, आणि मला ती झिजलेलीच आवडते.

फिडलसाठी या वाद्याचा मोठा गुण म्हणजे त्याचा आवाज तत्काळ उमटतो. वेगवान चालीत गज तारेवर क्षणभरच टेकतो, आणि जे वाद्य उशिरा बोलते त्यात दोन स्वर एकमेकांत मिसळून जातात. इथे प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. डी आणि जी स्वरांतल्या चालींत मोकळ्या तारा सतत सोबतीला वाजतात, आणि मधल्या दोन तारांचा आवाज या वाद्यात सर्वांत भरीव आहे. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी भव्यता मात्र त्यात नाही, आणि फिडलवादकाला तिची गरजही क्वचितच पडते.

तरीही, घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, बदलल्यावाचून यातले काहीच साधले नसते. मूळ घोडीची वक्रता नेहमीच्या ४२ मिलिमीटर त्रिज्येची होती. मी थोडी चपटी, ४६ मिलिमीटरची करून घेतली, कारण दोन तारा एकदम वाजवताना गज कमी तिरका करावा लागतो. तारा पोलादी गाभ्याच्या लावल्या आणि चारही तारांना बारीक जुळवणीचे स्क्रू बसवले. घोडीजवळच्या आतल्या उभ्या खांबाला फ्रेंच भाषेत 'आम', म्हणजे आत्मा, म्हणतात, आणि तो दोन-तीन मिलिमीटर सरकवल्यावर आवाजात पडलेला फरक ऐकून हे नाव किती योग्य आहे, हे मला मनापासून पटले. या सगळ्या कामाला १८,००० रुपये लागले.

जुलैत, हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहत असताना, मोकळी डी तार वाजवली की वाद्यातून बारीक करकर ऐकू येऊ लागली. बोटाने ठोकत कडेने फिरल्यावर खालच्या डाव्या बाजूचा जोड एका जागी पोकळ बोलला: सरस सुटला होता. जुन्या व्हायोलिनमध्ये हा दोष नव्हे. सरसाचा जोड लाकूड फाटण्याआधी सुटावा, अशीच त्याची रचना असते. खरा त्रास वेगळाच होता. पूर्वी कोणा दुरुस्तीकाराने त्याच जोडाला सुतारी पांढरा गोंद लावला होता, तो खरवडून काढण्यातच कारागिराचे दोन दिवस गेले. म्हणून विकत घेण्याआधी जोडांकडे नीट पाहावे, आणि कुठे प्लॅस्टिकसारखी चकाकती रेघ दिसली तर तेवढ्या खर्चाची सूट मागावी.

हिंदुस्तानी पद्धतीने सा आणि पा यांवर जुळवून तारा उतरवणाऱ्यांना मी हे वाद्य सहसा सुचवणार नाही. मी एकदा हार्मोनियमच्या काळी एकच्या स्वरात उतरवून पाहिले, तेव्हा जाड तार सैल पडून स्वराचा गाभाच हरवला. या वाद्याला त्याच्या मूळ स्वरांतच, किंचित ताणलेले राहणे मानवते.