आर्वीचं बिनबोर्डाचं बोरिंगचं दुकान : घरी बांधलेल्या ॲम्बॅसेडरच्या इंजिनचं मशीनकाम

आमची ॲम्बॅसेडर मार्क फोर आहे, ८४ ची, पेट्रोल. बाबांनी सेकंडहँड घेतली होती, आणि आमच्या गावातल्या निम्म्या तरी लग्नांमधे नवरदेव याच गाडीत बसून गेला आहे. मागच्या वर्षी ती एवढा निळा धूर मारायला लागली की मागून येणारा मोटरसायकलवाला थांबून सांगायचा, भाऊ गाडी जळून राहिली. दर दोनशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल. इंजिन काम करायचंच होतं, आणि यावेळी मी ठरवलं की खोलणं आणि बांधणं घरीच, स्वतःच्या हातानं. पण बोअर मारणं (म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठ्या मापाचा करणं), क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) घासणं आणि हेडचं काम या गोष्टी घरी होत नाहीत, त्याला मशीनच लागते, आणि तिथं मिस्त्री चुकला तर बाकी तुम्ही कितीही जीव लावून बांधा, इंजिन सहा महिन्यात पुन्हा खाली. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या दुकानाचा आहे.

दुकान वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला. जुन्या छोट्या लाईनच्या स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, टिनाचं शेड, बोर्ड नाही, बाहेर ट्रॅक्टरचे ब्लॉक रांगेनं पडलेले असतात त्यावरून ओळखायचं. मालक स्वतःच मिस्त्री, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काकाजी म्हणतात, सोबत एक पोरगा.

आधीचा अनुभव सांगतो म्हणजे मी इतकं काऊन लिहून राहिलो ते कळेल. सहा वर्षांपूर्वी हेच इंजिन एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला दिलं होतं, नाव लिहीत नाही. त्यांनी पिस्टन हातात यायच्या आधीच तीस थाऊला (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारून ठेवला आणि मग जे पिस्टन आले ते घातले. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, ते म्हणायचे नवीन आहे, बसेल. बसलं नाही. बारा हजार किलोमीटरमधे धूर. पैसे गेले ते गेले पण एक साईझ फुकट गेला याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण या इंजिनला दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ असे चारच ओव्हरसाईझ पिस्टन मिळतात आणि मग स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमधे आतून नवीन नळी ठोकायची.

तर मे महिन्यात इंजिन काढलं. विहिरीतली मोटर काढायची जी तिपाई असते ना, ती आणि चेन पुल्ली चुलतभावाकडून आणली, बोनेट खोलून वर उभी केली, इंजिन दोन तासात बाहेर. कापूस ठेवायची खोली रिकामीच होती, तिथं पाट्यांवर ठेवून खोललं. प्रत्येक नट जिथला तिथं राहावा म्हणून रिकाम्या बियाण्याच्या पाकिटांवर नंबर टाकून त्यात भरले, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे दांडे) तर पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ छेद पाडून त्यात उभे केले, कारण पुशरॉड आणि टॅपेट एकमेकाला घासून बसलेले असतात, अदलाबदल करू नये.

ब्लॉक, क्रँक आणि हेड पिकअपमधे टाकून काकाजींकडं नेलं. मला वाटलं रेट सांगतील. त्यांनी रेटचं नावच काढलं नाही. आधी पोराला सांगून चारही सिलिंडर पेट्रोलनं पुसून घेतले, मग डायल गेज आणला, कपाटातून नाही, एका फ्लॅनेलच्या कपड्यात गुंडाळलेला. प्रत्येक सिलिंडर तीन ठिकाणी मोजला, वर, मधात, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा क्रँकच्या दिशेनं आणि एकदा आडवा. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे, चारचे चोवीस. खडूनं ब्लॉकवरच लिहीत गेले. तीन नंबर सगळ्यात जास्त खाल्लेला होता, वरच्या बाजूला आडव्या दिशेनं सहा थाऊ. मला बोट आत घालायला लावलं, वर जिथं रिंग पोचत नाही तिथं धार लागत होती, नखाला अडकत होती.

"हे पाय," म्हणे, "पिस्टन आडवा ढकलते म्हनून आडवंच खाते. आता चाळीसवर साफ होईन, पन हा शेवटचा आहे. याच्यापुढं स्लीव्ह लागन."

मी म्हटलं काकाजी मारून टाका मग चाळीस. तर म्हणाले, "पिस्टन कुठी आहे? पिस्टन आन आधी. पिस्टन नसन तं मी मशीन चालूच करत नाही."

तिथंच माझा विश्वास बसला. सहा वर्षांपूर्वी मला हे एकानं सांगितलं असतं तर!

पिस्टन सेट कोलकात्याहून मागवला, पार्सलला अकरा दिवस लागले. गाडी बनायची उत्तरपाड्याला, २०१४ मधे बंद झाली, तरी पार्ट अजून मिळतात ही या गाडीची मोठी जमेची बाजू आहे, फक्त क्वालिटी बघून घ्यावी लागते. काकाजींनी चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजले आणि प्रत्येकावर मार्करनं नंबर टाकला, आणि त्या त्या पिस्टनच्या मापानं तो तो सिलिंडर केला. शेवटचा थोडा भाग बोरिंगनं नाही, होनिंगनं, म्हणजे बारीक दगडानं घासून काढला. आत बघितलं तर तिरप्या रेघांची एकमेकाला छेदणारी जाळी, चारही सिलिंडरमधे सारखी. त्या रेघांमधे ऑइल धरून राहते आणि रिंगा बसतात, गुळगुळीत आरसा झाला तर रिंग बसत नाही. बोअर चाळीसवर गेल्यामुळं १४८९ सीसीचं इंजिन आता १५३१ सीसीच्या आसपास झालं आहे. चालवताना फरक कळत नाही, पण माझ्या पोरानं वहीत गणित करून काढलं म्हणून लिहिलं.

क्रँक आधीच दहा थाऊ घासलेला होता, तो वीसवर नेला. इथं दोन गोष्टी त्यांनी केल्या ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. एक तर जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा भाग) कडेला जी गोलाई असते ती ठेवली, तिथं काटकोन झाला तर क्रँक त्याच जागी तडकते. आणि दुसरं, या इंजिनला मागच्या बाजूला ऑइल सील नाहीच, क्रँकवरच उलटे आटे कोरलेले असतात, ते फिरता फिरता ऑइल परत चेंबरकडं ढकलतात. त्या आट्यांना त्यांनी हात लावू दिला नाही, पोरगा वायर ब्रश घेऊन आला तर ओरडले त्याच्यावर. ॲम्बॅसेडर उभी राहिली की खाली थेंब पडतो असं सगळे म्हणतात, त्याचं एक कारण ही जागा आहे.

हेडबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो कारण जुन्या गाडीवाल्यांनी हे वाचलंच पाहिजे. या गाडीचं हेड बिडाचं आहे आणि व्हॉल्व्हची सीट त्या बिडातच कापलेली. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमधे शिसं असायचं, ते एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला आणि सीटला मधात गादीसारखं वाचवायचं. २००० पासून आपल्याकडं शिसंवालं पेट्रोल बंद झालं, चांगलंच झालं, पण तेव्हापासून ही सीट हळूहळू खाल्ली जाते आणि व्हॉल्व्ह हेडमधे आत आत बुडत जाते. गंमत म्हणजे याचा आवाज येत नाही. उलट टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो, इंजिन एकदम शांत वाटते आणि माणूस खूश होतो, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, जळून जाते. माझ्या हेडच्या चारही एक्झॉस्ट सीट बुडालेल्या होत्या. काकाजींनी चारही ठिकाणी कडक स्टीलच्या सीट ठोकल्या, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते गाईड बदलले, फेसिंग केलं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केला, ते पण अगदी लागेल तेवढंच. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडं आहे तर जुने रबरी पाईप आणि फ्युएल पंपाचा पडदा पण बदला हेही त्यांनीच सांगितलं, त्यांचं काम नसताना.

बिल सांगतो, कारण लोक तेच विचारतात. बोअर आणि होनिंग २४००, क्रँक २२००, हेड फेसिंग ९००, चार सीट २८००, गाईड १२००. एकूण ९५००. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे वेगळं, माझं मी आणलेलं. कागदावर हातानं लिहून दिलं आणि मागच्या बाजूला सगळी मापं उतरवून दिली, तो कागद मी प्लास्टिकमधे घालून गाडीच्या डिकीत ठेवला आहे.

आता जे आवडलं नाही ते. वेळ. आठ दिवस म्हणाले होते, पिस्टन पोचवल्यावर एकोणीस दिवस लागले. पेरणीच्या आधी गेलात तर ट्रॅक्टर आधी, हे ते तोंडावर सांगतात आणि मला पण ते पटते, ज्याचं शेत नांगरायचं राहिलं त्याचा ब्लॉक माझ्या आधी व्हायलाच पाहिजे, पण मग तारीख तशी सांगावी, मी चार वेळा चकरा मारल्या. त्यात लाईन जाते. बोअर मधात थांबलेला त्यांना चालत नाही म्हणून मे महिन्यात ते पहाटे पाचला मशीन लावतात आणि दुपारी शेडमधे उभंच राहवत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. ब्लॉक धुवून देत नाहीत. म्हणजे वरवर डिझेल मारून देतात, पण ऑइलच्या आतल्या गल्ल्या नाही. मी घरी आणून गल्लीचे प्लग खोलले, बाटली धुवायचा लांब ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून आत फिरवला, तर पहिल्या दोन वेळा पाणी राखाडी आलं आणि परातीत तळाशी चमकणारी बारीक पूड बसली. पत्नी म्हणाली हे तर अभ्रकासारखं आहे. ते लोखंड होतं. ती पूड जर बेअरिंगमधे गेली असती तर नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी संपलं असतं. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि पांढरा कपडा, कपडा पांढराच बाहेर येईपर्यंत, मला सात वेळा लागले. मग लगेच हवा मारून ऑइल लावा, नाहीतर अर्ध्या तासात गंज धरते. काकाजींना सांगितलं तर म्हणाले, "ते बांधनाऱ्याचं काम आहे बापा." मला नाही पटलं. निदान तोंडी सांगून तरी द्यावं, सगळ्यांनाच माहीत नसते.

बांधणं घरी आरामात झालं. टॉर्क रेंच घ्याच, अंदाजानं कसू नका. मेन बेअरिंग ७० फूट-पाउंड, कनेक्टिंग ३५, हेड ४०, आणि हेड मधून बाहेर अशा क्रमानं, तीन टप्प्यात. प्रत्येक कॅप कसली की क्रँक हातानं फिरवून बघायची, जड झाली तर तिथंच थांबायचं. माझी दोन नंबरची कनेक्टिंग कॅप जड झाली, खोललं तर बेअरिंगच्या मागं कपड्याचा एक धागा. एक धागा! टॅपेटला नऊचा हिशोब लक्षात ठेवा, आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दबला असेल तेव्हा एक नंबरचा गॅप बघायचा, सात दबला तर दोन, बेरीज नऊ. गॅप १५ थाऊ.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेला होता, इंजिन गाडीत बसवलं. प्लग काढून आधी हँडलनं फिरवलं, मग स्टार्टरनं, ऑइल प्रेशरच्या मीटरचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावले. दुसऱ्या सेल्फला पकडलं. बाबा खाटेवर बसले होते, ते उठून आले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाही, बराच वेळ तसेच. आज अठराशे किलोमीटर झाले आहेत. गरम इंजिनला चालू रस्त्यावर ५० च्या आसपास प्रेशर, ऑइलची लेव्हल जवळजवळ तिथंच, सकाळचा खडखडाट नाही.

कोणी जाणार असाल तर पेरणीच्या दिवसात जाऊ नका, दिवाळीनंतर जा. पिस्टन आणि बेअरिंग सोबत न्या. नगदी न्या. गल्लीचे प्लग आधीच काढून ठेवा आणि घरी आल्यावर धुवा.

पहिले तीनशे किलोमीटर झाले तेव्हा गाडी त्यांना दाखवायला घेऊन गेलो होतो. काकाजी एका ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर वाकलेले होते. हात पुसत बाहेर आले, म्हणाले चालू राहू दे. मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरला, एक मिनिटभर, मग तो उन्हात उलटापालटा करून बघितला. कोरडा होता. "पाचशे झाले का हेड पुन्हा टाईट कर, थंड असतानी, अन टॅपेट पाहून घे," म्हणाले आणि परत आत गेले.