थंडीत कुरियरनं आलेली सक्युलंट, माझा अनुभव

संक्रांतीच्या आठवड्यात, इकडं सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी चालू असताना, मावसबहिणीनं पुण्याहून ऑनलाइन ऑर्डर करून मला सहा सक्युलंटचा, म्हणजे जाड रसाळ पानांच्या रोपांचा, सेट गिफ्ट पाठवला, खूप म्हणजे खूप आनंद झाला. पार्सल यायला पाच दिवस लागले पण पॅकिंग एक नंबर, प्रत्येक रोप मातीशिवाय, मुळं कोरडी, वरून टिश्यू आणि पेपर. मातीशिवाय पाठवलं तेच बरं केलं, ओली माती असती तर बंद खोक्यात मुळं कुजली असती.

त्यातल्या एचेव्हेरिया या रोपाची चार पानं मात्र गळालेली आणि एकाही रोपावर नावाची चिठ्ठी नाही, हे मला खटकलं, नवीन माणसानं कुठलं रोप कसं सांभाळायचं ओ? हॉवर्थियाला कडक ऊन चालत नाही, जेडला चालतं, एवढं तरी लिहून द्यायला पाहिजे नर्सरीनं.

आल्या आल्या पाणी घालू नका. मी जाड वाळू आणि थोडं कंपोस्ट मिसळून लावली, आठवडाभर कोरडीच ठेवली, थंडीत माती लवकर वाळत नाही म्हणून आताही पाणी बेतानंच. गळालेली पानं नुसती मातीवर ठेवली होती, त्यातल्या दोघांना गुलाबी मुळं फुटलीत, रोज सकाळी चहा घेऊन आधी तीच बघायला जाते. पाचपैकी चार स्टार. एप्रिलमध्ये आपल्या सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्याआधी गॅलरीला हिरवी नेट लावून घेणार.