दीड लिटरचं तांब्याचं अभिषेकपात्र : भोक, धार आणि ताम्हण

श्रावण जवळ आला की तांब्याच्या अभिषेकपात्रांच्या जाहिराती सुरू होतात. फोटो सगळीकडे तोच. आरशासारखं चकचकणारं तांबं, खाली पिंडी आणि पात्रातून पडणारी दुधाची पांढरीशुभ्र धार. हा फोटोच मुळात चुकीचा आहे, त्याबद्दल पुढे. परीक्षण आहे ते ऑनलाइन सर्रास मिळणाऱ्या दीड लिटरच्या संचाचं. यात तांब्याचं पात्र, पितळेची तीन पायांची तिवई, तांब्याचं ताम्हण आणि ‘भेट’ म्हणून एक छोटा शंख येतो. किंमत २,३५० रुपये.

या भांड्याला काम एकच, संततधार. देवळातली जुनी मंडळी याला गळती म्हणतात, संस्कृतात गलंतिका. वैशाखात पिंडीवर तळाला भोक पाडलेलं मडकं टांगतात, तीच ही. रुद्र म्हणजे शिवाच्या अभिषेकाचा वेदपाठ सुरू झाला की धार सुरू व्हावी आणि पाठ संपेपर्यंत ती तुटू नये, एवढी साधी अपेक्षा. ‘अलंकारप्रियो विष्णुः, अभिषेकप्रियः शिवः’ असं म्हणतात ते उगाच नाही. विष्णूच्या पूजेत सजावटीला जे स्थान, ते इथे पाण्याला. पळीने पाणी घातलं तरी अभिषेक होतोच, पण एकादशनी म्हणजे रुद्राची अकरा आवर्तनं. एका गुरुजींनी बेताच्या लयीत म्हटली तर दीड ते दोन तास जातात, आणि तेवढा वेळ पळी धरून यजमानाचा खांदा भरून येतो. गणपतीवर अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची झाली तरी तासभर हवाच. म्हणून अभिषेकपात्र घेताना पहिला प्रश्न चकाकीचा नसून पाणी किती वेळ पुरतं हा असतो. नेमका तोच तपशील कुठल्याही जाहिरातीत नसतो.

संचातल्या पात्राचं भोक २ मिलिमीटरचं आहे. काठोकाठ भरून सोडलं की पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ निम्मं पाणी खाली येतं आणि विसेक मिनिटांत पात्र कोरडं पडतं. म्हणजे एका एकादशनीला ते सहा वेळा भरायचं आणि नऊ लिटर पाणी वाहू द्यायचं. भोक १ मिलिमीटरचं असतं तर हेच पात्र सव्वा तास पुरलं असतं, कारण व्यास निम्मा केला की धार चौथाईवर येते. शिवाय पातळी उतरेल तसा पाण्याचा जोर कमी होत जातो. सुरुवातीची सुतळीसारखी धार शेवटी दोऱ्याएवढी होते. त्यामुळे तळ दिसेपर्यंत थांबू नये. पात्र अर्ध्यावर आलं की दुसऱ्या तांब्याने भर घालावी, धार एकसारखी राहते.

दुसरी अडचण अधिक चिडचिड करणारी. धार बारीक झाली की पाणी सरळ खाली न पडता पात्राच्या तळाला चिकटून सरकतं आणि पिंडी सोडून ताम्हणाच्या काठावर, कधी तिवईच्या पायावरून थेट पाटावर उतरतं. भोकाला खालून चोच नाही, त्यामुळे थेंबाला सुटायला जागाच मिळत नाही. भोक बाहेरून आत पाडलेलं आहे, म्हणून आतल्या बाजूला धातूचा कंगोरा उभा राहिलाय. बोट फिरवलं की लागतो. त्यात कापसाचा तंतू, अक्षतेचा कण, बेलाच्या पानाचा तुकडा अडकतो आणि ऐन चमकात, म्हणजे रुद्राच्या उत्तरार्धात, धार थांबते. (भरताना पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतलं तर हे टळतं. अक्षता आणि फुलं पात्रात टाकायची नसतातच, पण उत्साही पाहुणे टाकतात.)

उपाय घरच्या घरी होतो. कंगोरा बारीक पॉलिशपेपरने आतून घासून काढायचा. मग दर्भाच्या तीन-चार काड्यांची घट्ट जुडी वरून भोकात ओवायची आणि टोक बोटभर खाली लोंबतं ठेवायचं. पाणी काडीवरून उतरतं, सरकणं बंद होतं आणि धारेऐवजी थेंब मिळतात. सेकंदाला दोन थेंब पडले तर तासाला साधारण साडेतीनशे मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे एक भरणी पूर्ण एकादशनीला पुरून उरते. जुडी सैल असेल तर काही उपयोग नाही, फार ठासली तर थेंबही येत नाही. पूजेच्या आदल्या दिवशी घड्याळ लावून एकदा बघून घ्यावं.

आता ताम्हण. दीड लिटरच्या पात्राखाली दिलेलं ताम्हण जेमतेम साडेपाचशे मिलिलिटरचं! हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. पात्राचं भोक आहे तसं ठेवलं तर पहिल्या चार-पाच मिनिटांत ताम्हण भरतं, पिंडी पाण्यात बुडते आणि मग चालू मंत्रात कुणीतरी उठून ते उपसायचं. पन्हळ असलेलं ताम्हण वेगळं घ्यावं. शाळुंकेची (पिंडीच्या बैठकीची) चोच उत्तरेकडे आणि ताम्हणाची पन्हळही त्याच दिशेला ठेवावी, खाली कळशी किंवा बादली. पाणी आपलं आपण वाहून जातं.

तिवईबद्दल मात्र तक्रार नाही. पितळ जाड आहे, वजन अर्ध्या किलोच्या वर, भरलेलं पात्र ठेवल्यावर हलत नाही. फक्त उंची जास्त. घरातली पिंडी अंगठ्याच्या पेराएवढी असते, त्यामुळे भोक आणि पिंडी यांत जवळपास नऊ इंच अंतर पडतं आणि शिंतोडे समोर बसलेल्याच्या सोवळ्यावर येतात. ताम्हणात एक वाटी पालथी घालून तिच्यावर पिंडी ठेवली आणि ताम्हणाखाली लाकडी पाट घेतला की अंतर चार-पाच इंचांवर येतं. वाटी सपाट बुडाची हवी, नाहीतर पिंडी कलते.

पात्र पातळ आहे. वजन अवघं २८० ग्रॅम, काठाला अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जातो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत याच मापाचं ठोक्याचं पात्र वजनावर मिळतं. महाग पडतं, पण मठारलेला पत्रा घट्ट असतो आणि मुख्य म्हणजे भोक सांगाल तसं पाडून मिळतं. सांगताना ‘बारीक भोक’ एवढंच म्हणू नये. ‘एक मिलिमीटर, खाली पाव इंचाची चोच’ असं माप द्यावं.

पहिल्यांदा वापरण्याआधी आणखी एक काम आहे. चकाकी टिकावी म्हणून तांब्यावर लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला असतो. ओळखायला सोपं: चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून घासलं तरी रंगात काहीच फरक पडत नाही. तीर्थ याच पाण्याचं होणार असेल तर हा थर आधी काढायला हवा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा घालायचा आणि पात्र वीस-पंचवीस मिनिटं त्यात बुडवून ठेवायचं. थर पापुद्र्यासारखा सुटतो. राहिलेला काथ्याने घासायचा. मग तांबं काळवंडायला लागेल. ते तसंच असतं.

आता तो दुधाचा फोटो. तांब्याच्या भांड्यात दूध-दही ठेवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शास्त्रात तांब्यातलं दूध मद्यासमान मानलंय आणि साधा व्यवहारही तेच सांगतो. आंबट पदार्थात तांबं उतरतं, पंचामृत हिरवट होतं, पोटात गेलं तर मळमळतं. शिवाय १-२ मिलिमीटरच्या भोकात साय अडकली की पात्र पुढे तासभर निकामी. पंचामृताला चांदीची नाहीतर स्टीलची वाटी आणि पळी घ्यावी. कल्हई नसलेलं पितळही नको. ताम्हण तांब्याचं असेल तर पंचामृतापुरती पिंडी स्टीलच्या ताटात घ्यावी आणि शुद्धोदकानंतर, म्हणजे साध्या पाण्याच्या स्नानानंतर, ताम्हणात ठेवावी. पात्रातून जायचं ते फक्त पाणी, फार तर गंधोदक. तेही चंदन सहाणेवर उगाळून, गाळून. बाजारची गंधाची भुकटी तळाला बसते आणि भोक बुजवते.

क्रम ठरलेला आहे: दूध, दही, तूप, मध, साखर. प्रत्येकानंतर शुद्धोदक. ऋग्वेदी घरांत ‘आप्यायस्व’, ‘दधिक्राव्णो’, ‘घृतं मिमिक्षे’, ‘मधुवाता’, ‘स्वादुः पवस्व’ असे मंत्र येतात. घरच्या पिंडीला दूध अर्धी वाटी, दही दोन चमचे, तूप एक चमचा, मध अर्धा चमचा, साखर दोन चमचे एवढं पुष्कळ झालं. तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नयेत, आयुर्वेदाने ते विरुद्ध मानलंय आणि हे शेवटी तीर्थ म्हणून तळहातावर येणार असतं. श्रावणातल्या गारव्यात तूप पिंडीवर थिजतं, म्हणून ते पातळ करून कोमट असताना घालावं. साखर शेवटी का, ते हाताने कळतं. दाणेदार साखरेने पिंडी हलकेच चोळली की तूप आणि मधाचा चिकटा सुटून येतो. पिठीसाखर वापरली तर उलट लगदा होतो. त्यानंतरचं पाणी कोमट घ्यावं. हे सगळं उरकूनच पात्राची धार सुरू करायची.

आणि तो भेटीचा शंख. शिवाला शंखाने पाणी घालत नाहीत. पिंडीच्या चित्राचं खोकं, आत शंख, हे संच बनवणाऱ्याचं अज्ञान. विष्णू किंवा बाळकृष्ण असेल त्या घरी देऊन टाकावा.

पात्र कितीही चांगलं असलं तरी पिंडी कशाची आहे, यावर बरंच ठरतं. नर्मदेचा बाण (नदीतला गुळगुळीत गोटा) आणि स्फटिक निर्धास्त. संगमरवरी पिंडीवर दही-मध रोज नको, आंबटाने दगडाची चमक जाते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिंडीवरचं पाणी तीर्थ म्हणून अजिबात घेऊ नये. दगड झिजतो हे काही भाविकांच्या श्रद्धेविरुद्धचं बोलणं नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाचं क्षरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ साली तिथे माणशी अर्धा लिटर आरओच्या पाण्याची मर्यादा आली. नऊ लिटर वाहवणाऱ्या घरच्या पात्रासमोर हा आकडा ठेवून बघावा.

गुण द्यायचे तर पाचपैकी अडीच, त्यातले दीड तिवईचे. श्रावणी सोमवारी दहा-पंधरा मिनिटांचा अभिषेक एवढाच नेम असेल तर दर्भाची जुडी लावून हे पात्र चालून जाईल. घरी लघुरुद्र करणार असाल तर अकरा गुरुजी बसून १२१ आवर्तनं होतात, तिथे पातळ पत्रा आणि अर्ध्या लिटरचं ताम्हण तोंडघशी पाडतात. तिथे तांबट आळीच गाठावी, किंवा गुरुजींकडे पात्र आहे का ते आधी विचारावं. पुष्कळांकडे असतं.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या भोकात दोन-तीन महिन्यांत पांढरा क्षार साचतो. लिंबाच्या फोडीने चोळून शिवणाची सुई एकदा आरपार फिरवायची. दाभण घालू नये, पातळ पत्र्यात भोक मोठं होतं. वापर झाला की पात्र पुसून पालथं ठेवायचं. पंचामृताचं पाणी मोरीत ओतू नये, तूप थिजून जाळी तुंबते. नुसतं जलाभिषेकाचं पाणी बेलाला किंवा कुठल्याही झाडाला चालतं, पंचामृताचं घालायचं तर आधी चौपट पाणी मिसळावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुंडीत मुंग्यांची रांग.