मशीन अन् मॅडम पैकीच्या पैकी, काउंटर नापास (एमआरआय सेंटर, 5 पैकी 3 स्टार)

पोरगी साडेचार वर्षांची. दोनदा झटके आले, एकदा तापात अन् एकदा तापाबिगर, म्हणून परभणीच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. संभाजीनगरला करून आलो त्याला आता दीड महिना झाला. तेव्हाच लिहिणार होतो पण तेव्हा डोकं गरम होतं.

आधी हे, की लेकराला झोपवावं का लागतं. सीटी स्कॅन काही सेकंदात उरकतो, त्याला बऱ्याचदा भूल लागतच नाही. एमआरआयला अर्धा-पाऊण तास डोकं जागचं हलवायचं नाही अन् हललं की तेवढा भाग परत काढा, वर ते ठकठक ठकठक, कानात बोळे घातले तरी घुमतंच. मोठ्या माणसाला तिथं नेमकं नाक खाजवतं, लेकरू काय राहणार.

फोनवर 9 ची वेळ दिली अन् तिकडचा दादा म्हणला, रात्री बारानंतर काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आम्हाला वाटलं डॉक्टरचंच सांगणं असेल. पहाटे 4 ला जिंतूरहून गाडी काढली, मंठा, वाटूर, जालना, पोरगी मागं झोपलेली, जालना सोडलं अन् उठली, उठल्याबरोबर पाणी. नाही दिलं. सकाळचं फिटचं सिरप असतं तेबी नाही दिलं, म्हणलं सिरप म्हणजे पोटात जाणारंच की. साडेआठला पोचलो. नंबर लागला 12:20 ला. मधी दोनदा विचारलं तर काउंटरवरून मान वर न करता “इमर्जन्सी आलीय” एवढंच.

बसायची जागा चकाचक, एसी, मोठा टीव्ही अन् त्यावर बातम्या. लेकरांसाठी एक खेळणं नाही की चित्राचं पुस्तक नाही. बाजूच्या बाकावर एक पोरगं हाताच्या एक्स-रेसाठी आलेलं, त्याच्या आजीनं चहाचा कप धरलेला अन् ते त्यात पारले बुडवून बुडवून खातंय. आमची बघत बसली. रडली नाही हो, रडली असती तर बरं झालं असतं, नुसती बघत बसली, बिस्किट कपातून वर आलं की हिची मान वर.

पावणेदहाला भुलीच्या मॅडम आल्या. वेळेवर नंबर लागला असता तर त्या आमच्या आधी यायला पाहिजे होत्या, पण असो. त्यांनी कागद बघितला अन् पहिलं विचारलं, फिटचं औषध दिलं का? नाही म्हणल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावं वाटलं. फिटचं औषध भुलीच्या दिवशी चुकवायचंच नसतं, ते घोटभर पाण्यासोबत वेळेवर द्यायचं. अन् जेवण 6 तास आधी बंद, वरचं दूधपण 6 तास, आईचं दूध 4 तास, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे लेकरू सकाळपासून फुकट तहानलेलं होतं. मॅडमनी तिथंच औषध द्यायला लावलं अन् अर्धा कप साखरपाणी पाजलं. काउंटरवाल्याला आमच्यासमोरच बोलल्या. तो म्हणला सगळ्यांना असंच सांगतो, सोपं पडतं.

दुसरी गोष्ट वजनाची. काउंटरवर बायकोनं अंदाजे 18 सांगितलं, त्यानं 18 लिहून घेतलं. मॅडमनी काट्यावर उभं केलं तर 15 किलो 200. डोस सगळा वजनावर असतो हे मला तिथं कळलं. काटा कोपऱ्यातच पडलेला होता, काउंटरपासून चार पावलांवर.

आता चांगलं सांगतो, कारण आतलं खरंच चांगलं होतं. हाताला बधिर करायचं क्रीम तासभर आधी लावून ठेवलं. गळ्यातला काळा दोरा, आज्जीचा ताईत, पैंजण, क्लिपा सगळं काढून घेतलं, ताईत बायकोनं पदराला बांधला. मग गुंगी यायला मिडाझोलमचं सिरप. हेच औषध आमच्या फ्रिजवर नाकात मारायच्या स्प्रेमधी ठेवलेलं असतं, झटका थांबला नाही तर मारायला, त्यामुळं नाव ओळखीचं निघालं. कडू असतंय, मधात कालवून दिलं तरी तोंड वाकडं केलंच.

पंधराएक मिनिटांनी पोरगी एकदम खुशीत. डोळे जड, जीभ जड, अन् बोलणं थांबेना. मांडीवर बसून मला म्हणली, पप्पा इथं वाघ हाय ना? म्हणलं हाय की, सिद्धार्थ गार्डनला हाय. मला दाखवा. दाखवतो. पांढरा दाखवा. पांढरा दाखवतो. शप्पथ? शप्पथ. तेवढ्यात सिस्टरनं हाताला सुई लावली तर ती सुईकडं बघत होती, दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तशी. एरवी सुई म्हणलं की ही दवाखाना डोक्यावर घेते. मग सलाइनमधून दुधासारखं पांढरं औषध गेलं, प्रोपोफॉल, अन् पाच मोजायच्या आत मान टाकली. तिथपर्यंत मला तिच्याजवळ थांबू दिलं, याला माझ्याकडून वेगळा स्टार. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकापाशी ऑक्सिजन, अन् मॅडम पूर्ण वेळ तिथंच, फोन नाही की चहा नाही. कुठंबी लेकरू नेणार असाल तर फोनवर पहिलं हेच विचारा, भूल कोण देणार अन् शेवटपर्यंत थांबणार का.

35 मिनिटांत झालं. उठली, तोंड सुकलेलं. “पप्पा आपण घरी कवा जायचं?” म्हणलं आता थोड्या वेळानं. बरं म्हणली. मिनिटभरानं परत, घरी कवा जायचं? परत सांगितलं. परत बरं. सहा-सात वेळा हेच, अन् दरवेळी असं की पहिल्यांदाच विचारतेय. माझ्या पोटात गोळा. मॅडम म्हणल्या घाबरू नका, मिडाझोलम अंगात असेपर्यंत मेंदू नवीन काही साठवत नाही, लेकरू जागं असतं, बोलतं, ऐकतं, पण लिहून घेणारा रजेवर गेलेला असतो. औषध उतरलं की तो कामावर येतो. मी विचारलं आधीचं पुसतं का? नाही म्हणल्या, औषध द्यायच्या आधीचं जे पाठ आहे ते जागच्या जागी राहतं.

घरी आल्यावर आज्जीनं परीक्षा घेतलीच. भुलीनं लेकरू मठ्ठ होतंय ही आमच्या गल्लीची खात्री आहे. मावसभावांची नावं विचारली, सगळी बरोबर, वरून अंगणवाडीचं गाणं म्हणून दाखवलं. मी पण रात्री मोबाइलवर वाचत बसलो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, डिसेंबर 2016 ला इशारा दिलाय तो 3 वर्षांखालच्या लेकरांना 3 तासांपेक्षा जास्त किंवा परत परत भूल देण्याबद्दल. अन् 2019 ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी मासिकामधी मोठा अभ्यास आला, 7 देशांतली 722 बाळं, हर्नियाचं ऑपरेशन, काहींना पूर्ण भूल तीही तासाच्या आत अन् काहींना जागं ठेवून फक्त खालचं अंग बधिर करून, 5 वर्षांचे झाल्यावर बुद्धी तपासली तर दोन्हीकडं सारखीच. आमचं तर 35 मिनिटांचं अन् एकदाच. आज्जीला 722 सांगितल्यावर ती म्हणली, त्यात जिंतूरचं कोण होतं का.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. गंमत कसली म्हणा. बायकोनं विचारलं, काल काय काय झालं गं? मशीन आठवत नाही. सुई आठवत नाही, हातावरचा टेप बघून म्हणती हे कोणी लावलं. पण बारीक बारीक सगळं आठवतंय ते सिरपच्या आधीचं. काचेचा दरवाजा. टीव्हीवरचा ओरडणारा माणूस. पारलेवालं पोरगं, त्याच्या शर्टवरची मोटरसायकल. “पप्पांनी पाणी दिलं नाही, त्या मॅडमनी दिलं.” शब्दाला शब्द.

म्हणजे बघा, आमच्याकडून भुलीचे 2500 घेतले, एमआरआयचे 6000 वेगळे (हे पण फोनवर कोणी सांगितलं नव्हतं), अन् ज्याची भीती वाटत होती ते मशीन अन् सुई तेवढं गेलं, काउंटरचे चार तास मात्र लेकराजवळ पक्के राहिले. मालक लोकहो, मशीनवर कोटी घातले असतील, शंभर रुपयांची चित्रांची पुस्तकं आणा, लहान लेकरांना सकाळचा पहिला नंबर द्या अन् पाण्याचं बरोबर काय ते एका कागदावर छापून फोनपाशी चिकटवा.

मॅडम अजून एक बोलल्या होत्या की आठवत नाही म्हणजे भीती गेलीच असं नसतं. ते खरं निघालं. मागच्या आठवड्यात खोकल्यासाठी मधाचं चाटण काढलं तर चमचा बघून तोंड घट्ट मिटून घेतलं. का गं? माहीत नाही म्हणली. तिला खरंच माहीत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला, दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर, फिल्म कुरियरनं. यात तक्रार नाही. परत वेळ आली तर याच मॅडमकडं जाऊ, फोनवरचं ऐकणार नाही.

अन् त्या दिवशी पोरीचे पाय लटपटत होते म्हणून वाघ राहिला. तिला त्याचं काहीच आठवत नाही, एकदासुद्धा विषय काढला नाही. मी पांढऱ्याची शप्पथ घेऊन बसलोय. दिवाळीच्या सुट्ट्यांत नेतो.