एससीसीएम की ऑटोपायलट? निवडण्याआधी बघा, डिप्लॉयमेंट अडकतं कुठे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी विंडोज ११ टाकायची कामं बऱ्याच कंपन्यांत अजून चालूच आहेत. शंभर-दोनशे मशीनवर हाताने पेनड्राइव्ह फिरवणं कुणालाच परवडत नाही. मग प्रश्न येतो: ऑफिसच्या नेटवर्कवरून इमेज (विंडोजची तयार प्रत) मारणारं मायक्रोसॉफ्टचं एससीसीएम घ्यायचं, की इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या मशीन-व्यवस्थापन सेवेवर चालणारं ऑटोपायलट?

फीचरची यादी समोर ठेवून हे ठरवू नका. सगळं सुरळीत असतं तेव्हा दोन्ही उत्तम चालतात. खरा फरक कळतो मशीन मध्येच अडकल्यावर. कुठे अडकलं ते किती लवकर समजतं, आणि दुरुस्तीला माणूस मशीनपाशी लागतो का, हे दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

एमडीटी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डिप्लॉयमेंट टूलचं आधी सांगून टाकतो, कारण ‘फुकट आहे ना’ म्हणून ते अजून सुचवलं जातं. त्याची ८४५६ ही आवृत्ती २०१९ ची. विंडोज ११ ला त्यात अधिकृत सपोर्ट नाही, आणि त्याची बरीचशी स्क्रिप्ट व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या भाषेतली, जी मायक्रोसॉफ्ट आता मोडीत काढते आहे. नव्याने उभारण्याच्या विचारातून ते वगळा.

एससीसीएम: अडथळे जास्त, पण खुणा स्पष्ट

इथे मशीन नेटवर्कवरून बूट होतं, विन-पीई (इन्स्टॉलसाठीचं छोटं तात्पुरतं विंडोज) चढतं, डिस्क फॉरमॅट होते, मग विंडोज, ड्रायव्हर, डोमेन जॉइन (मशीन कंपनीच्या नेटवर्कात नोंदवणं) आणि सॉफ्टवेअर अशी रांग लागते; या रांगेलाच टास्क सिक्वेन्स म्हणतात. सर्वात जास्त डोकेदुखी पहिल्याच पायरीवर, म्हणजे पीएक्सईवर (नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत).

मशीन नेटवर्कवरून बूटच होत नसेल तर सर्व्हरवरचा एसएमएसपीएक्सई लॉग उघडा आणि त्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) शोधा. तो लॉगमध्ये नसेल तर विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. बहुतेक वेळा मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) असतं आणि तिथल्या स्विचवर आयपी हेल्पर, म्हणजे विनंती सर्व्हरकडे पुढे पाठवणारी सेटिंग, टाकलेला नसतो. घाईघाईत लोक डीएचसीपीमध्ये (मशीनना आयपी वाटणाऱ्या सेवेत) ६६ आणि ६७ हे बूट सर्व्हर आणि बूट फाइलचे ऑप्शन भरतात. त्याने सगळ्यांना एकच बूट फाइल जाते, आणि जुन्या बायॉसच्या मशीनला लागणारी फाइल यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) मशीनला चालत नाही. मायक्रोसॉफ्टचा सल्लाही आयपी हेल्परचाच आहे.

मॅक दिसतो, पण टास्क सिक्वेन्स मिळत नाही, असंही होतं. लॅनचं पोर्ट नसलेले लॅपटॉप एकाच यूएसबी डोंगलने बूट केले की हे ठरलेलं. पहिला लॅपटॉप त्या डोंगलच्या मॅकवर नोंदला जातो आणि पुढचा प्रत्येक लॅपटॉप सर्व्हरला ‘ओळखीचा’ वाटतो. एससीसीएमच्या हायरार्की सेटिंग्जमध्ये तो मॅक दुर्लक्षित यादीत टाकला की काम होतं.

विन-पीई चढल्यावर एफ८ दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडता येतो, पण त्यासाठी बूट इमेजच्या सेटिंगमध्ये कमांड सपोर्टवर आधीच टिक केलेली हवी. आयपीकॉन्फिगला आयपी दिसत नसेल तर बूट इमेजमध्ये नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नाही असं धरून चाला. डिस्कपार्टमध्ये डिस्कच दिसत नसेल आणि मशीन इंटेलच्या ११व्या पिढीचं किंवा पुढचं असेल, तर व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क-नियंत्रकाचा) स्टोरेज ड्रायव्हर राहिलाय का ते बघा. कपाटात वर्षभर पडून असलेल्या मशीनची बायॉसमधली तारीखही तपासा. घड्याळ मागे पडलं की सर्टिफिकेट नाकारलं जातं, आणि आपण मात्र नेटवर्कला दोष देत बसतो.

सगळ्यात उपयोगी एसएमएसटीएस लॉग (टास्क सिक्वेन्सच्या प्रत्येक पायरीची नोंद), पण तो जागा बदलतो. फॉरमॅटच्या आधी एक्स ड्राइव्हच्या विंडोज-टेम्पमध्ये, फॉरमॅटनंतर सी ड्राइव्हच्या टास्क सिक्वेन्स फोल्डरमध्ये, आणि मशीनवर एससीसीएमचा क्लायंट बसल्यावर विंडोजच्या सीसीएम फोल्डरमध्ये. त्यात ८०००४००५ हा एरर कोड दिसला तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही, वरच्या ओळी वाचाव्या लागतात. ८००७०००२ असेल तर पॅकेज डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर (फाइल वाटणाऱ्या सर्व्हरवर) पोचलंय का आणि ते उचलायची परवानगी आहे का, हे आधी बघा.

ऑटोपायलट: पायऱ्या कमी, पण लॉग दूर

ऑटोपायलट विंडोज टाकत नाही, कारखान्यातून आलेलंच विंडोज कंपनीच्या ताब्यात घेतं. मशीनचा हार्डवेअर हॅश (त्या मशीनची ओळख ठरवणारा कोड) नोंदवला की कर्मचारी घरी लॅपटॉप उघडून ऑफिसचा मेल टाकतो आणि बाकीचं इंट्यून करतं. पीएक्सई नाही, व्हीलॅन नाही. कोल्हापूर-नागपूरला दोन-चार माणसांच्या शाखा असतील तर ही फार मोठी सोय आहे.

अडकतं ते बहुधा एनरोलमेंट स्टेटस पेजवर (सेटअपची प्रगती दाखवणारा स्क्रीन). तिथली वेळमर्यादा मुळात ६० मिनिटांची. इंटरनेट संथ असेल आणि सक्तीच्या सॉफ्टवेअरची यादी लांबलचक असेल तर ८००७०५बी४ हा एरर येतो, म्हणजे वेळ संपली. मर्यादा वाढवण्यापेक्षा यादी छाटा. अँटीव्हायरस आणि व्हीपीएन ठेवा, बाकीचं नंतर येऊ द्या. साधे एमएसआय आणि विन३२ (इंट्यूनसाठी सॉफ्टवेअर बांधायचे दोन प्रकार) पॅकेज त्या टप्प्यात मिसळू नका, दोघे एकाच इन्स्टॉलरसाठी भांडतात. ८०१८००१८ आलं तर युजरचं लायसन्स तपासा. मदरबोर्ड बदललेला असेल तर हॅशही बदलतो, मशीन पुन्हा नोंदवावं लागतं.

त्रास एवढाच की तपासायचं ते सगळं युजरच्या समोर असतं. शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा, लॉग गोळा करणारं एमडीएम डायग्नोस्टिक्स टूल चालवा, तयार झालेली फाइल पाठवा, हे अकाउंट्समधल्या ताईंना फोनवर सांगावं लागतं. इंट्यूनच्या पोर्टलवर स्थिती दिसते, पण उशिरा.

मग कुणी काय घ्यावं?

माणसं लॅपटॉपवाली, विखुरलेली आणि तीनशेच्या आत असतील तर ऑटोपायलट घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये इंट्यून आणि एंट्रा आयडी पी१ (कंपनीची खाती आणि लॉगिन सांभाळणारी सेवा) दोन्ही येतात, वेगळा सर्व्हर लागत नाही. कारखान्याच्या शॉपफ्लोअरवरची इंटरनेट नसलेली मशीन, किंवा वरचेवर फॉरमॅट माराव्या लागणाऱ्या लॅब असतील तर एससीसीएमला पर्याय नाही. मात्र लॉग वाचणारा एक तरी माणूस पगारावर हवा. तो नसेल तर एससीसीएम घेऊच नका.

ऑटोपायलट घेतलंत तरी डिस्क बदललेल्या मशीनवर आधी विंडोज कोण टाकणार, हे ठरवून ठेवा. प्रत्येक मॉडेलचे ड्रायव्हर घातलेला एक बूट पेनड्राइव्ह शाखेत असू द्या. आणि दूरवरून वाइप करायच्या (सगळं पुसून नव्याने सुरू करायच्या) भरवशावर राहण्याआधी रीएजंटसीची इन्फो कमांड चालवून बघा: रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विंडोजचा दुरुस्तीचा भाग) बंद असेल तर वाइप फसतं आणि लॅपटॉप कुरियरने मागवावा लागतो.