प्रदर्शनासाठी स्प्रेडशीटमधला गँट चार्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर ते जून, कोल्हापुरातल्या एका छोट्या चित्रप्रदर्शनाचं वेळापत्रक मी साध्या स्प्रेडशीटमध्ये गँट चार्ट करून सांभाळलं. गँट चार्ट म्हणजे प्रत्येक काम कधी सुरू होऊन कधी संपणार, हे तारखांखाली आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता. घरोघरी जपलेली 34 जुनी जलरंगचित्रं, आम्ही पाच जण आणि उद्घाटन शाहू जयंतीला, 26 जूनला. तारीख हलणार नव्हती, म्हणून तिथून मागे मोजत आलो.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो थांबण्याचे दिवस डोळ्यांसमोर आल्याचा. पूर्वी डायरीत मी ‘काचपेट्यांना रंग, 2 दिवस’ एवढंच लिहायचो. पण ताज्या रंगातून वाफा निघत असताना पेटीत चित्र ठेवायचं नसतं. आम्ही चार आठवडे धरले. त्यांची वेगळी राखाडी पट्टी टाकली तेव्हा कळलं, रंगारी मेच्या मध्याआधी येऊन गेला पाहिजे. चित्रं देणाऱ्यांची लेखी संमती आणि आम्लविरहित माउंट बोर्डची (चित्र ज्यावर बसवतात त्या पुठ्ठ्याची) वाट पाहणं, यांनाही अशाच पट्ट्या दिल्या.

उजेडाचंही तसंच. टाऊन हॉल संग्रहालयातल्या, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या कांस्यमूर्तीला दिव्याची भीती नाही. जलरंगांवरचा उजेड मात्र 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नेऊ नये. त्यामुळे दिवे लावून मोजमाप घ्यायला पूर्ण दिवस राखला. मोजल्यावर चार दिवे बदलावे लागले, तरी घाई झाली नाही.

आता त्रास. प्रत्येक कामाची सुरुवात आधीच्या कामाच्या शेवटावर सूत्राने बांधलेली होती. मार्चमध्ये कुणीतरी मोबाइलवरून सूत्राच्या जागी थेट तारीख टाईप केली आणि साखळी तुटली. चार्ट मात्र ठीकच दिसत राहिला. ओळखपट्ट्यांची छपाई नऊ दिवस मागे पडलीय, हे आम्हाला एप्रिलमध्ये समजलं. तेव्हापासून सूत्रांचे रकाने लॉक केले, ‘मूळ तारीख’ असा वेगळा रकाना ठेवला आणि दर सोमवारी चार्ट ए-थ्री कागदावर छापून भिंतीला लावला. मोबाइलवर तो वाचवत नाहीच.

पाच-सहा जण आणि साठेक कामं असतील तर हे पुरेसं आहे, मी नक्की सुचवेन. कामं शेकड्यांत गेली तर खास प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्या.

एक चूक माझी. उद्घाटनापुढे मी पट्ट्याच आखल्या नव्हत्या. जूनच्या सुरुवातीला एका काकूंनी विचारलं, “पंचगंगा चढायच्या आत आमचं चित्र घरी येईल ना?” त्याच रात्री उतरवणं, तपासणी, पॅकिंग आणि घरपोच परतीच्या पट्ट्या टाकल्या. पुढच्या वेळी आखणीची सुरुवात परतीपासून करणार आहे.